चकवा आणि इस्पिकचा गुलाम: अंधारातल्या पत्त्यांच्या खेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वांगी भाजायचा हंगाम आला की मला निरोप यायला लागतात. जळगाव, चोपडा, शिरपूर, आणि पुण्याला नोकरीला गेलेले आपले लोक तर हमखास. "त्या रात्री मळ्यात केला होता तो पत्त्यांचा खेळ सांग ना." प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलेत तर बरं. घाई असेल तर निदान ६ आणि १२ चुकवू नका.

१. हा खेळ नेमका आहे तरी काय?

समोर बसलेला माणूस कॅटमधून एक पत्ता निवडतो, बघतो, परत ठेवतो. तुम्ही चकव्याची गोष्ट सांगता. बॅटरीच्या उजेडात, कॅटच्या वरच्या कडेतून, इस्पिकचा गुलाम हळूहळू डोकं वर काढतो. पण तो काही त्या माणसाचा पत्ता नसतो. सगळे हसतात, जादूगार फसला म्हणतात. मग तुम्ही कॅट त्याच्याच चिमटीत देता, आवाज खाली आणता आणि एकदम फाट्कन फटका मारता. ५१ पत्ते जमिनीवर उधळतात, एकच त्याच्या बोटांत उरतो आणि तो त्याचाच निघतो. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. प्रेक्षक हातभर अंतरावर असतो. स्टेज लागत नाही, पेटी लागत नाही, टोपीही लागत नाही.

२. चकवाच का? भूत, हडळ, मुंजा का नाही?

चकवा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की दोन वाजता पिकाला बारे (पाणी) द्यायला जावं लागतं, आणि कुणीतरी सांगतोच, "एकाच बांधावर तीन फेऱ्या मारल्या, पण विहीर काही सापडेना." वाट चुकवणारा, पण जिवावर न उठणारा असा हा प्रकार. पत्ता वाट चुकतो आणि परत येतो, हेच तर या खेळात घडतं. गोष्ट वरून चिकटवल्यासारखी वाटत नाही.

हडळ मी मुद्दाम टाळतो. आपल्या खानदेशाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पट्ट्यात, बाईला डाकीण ठरवून छळल्याची, मारहाणीची प्रकरणं घडलेली आहेत. तिथे करमणुकीतसुद्धा बाईच्या रूपातली भीती वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. मुंजा गावागणिक वेगळा असतो, आणि ज्या पिंपळाचं तुम्ही नाव घ्याल त्याच्याखालून कुणाला तरी त्या रात्री घरी जायचं असतं.

३. कॅट कोणता घ्यावा?

गुळगुळीत, प्लास्टिकचा लेप असलेला, फार जुना नसलेला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चार दिवस रमी खेळून खेळून फुगलेला कॅट नको. ते पत्ते एकमेकांना चिकटतात आणि शेवटचा फटका फसतो. अगदी कोरा कॅट मात्र दोन-तीनदा नीट पिसून घ्या. एक जोकर कॅटमध्ये राहू द्या, दुसरा काढून टाका. तो एक कशाला, ते पुढच्या उत्तरात.

४. त्याचा पत्ता कसा सापडतो? मला हातचलाखी येत नाही.

हातचलाखी जवळपास नाहीच. एक पत्ता आधी माहीत असला की पुरे.

इस्पिकचा गुलाम गुपचूप तळाला ठेवून सुरुवात करा. पिसायचं असेल तर वरवरचेच पत्ते पिसा, तळ हलवू नका. कॅट पंख्यासारखा पसरा आणि समोरच्याला मधला कुठलाही पत्ता काढू द्या. (जोकर निघाला तर "हा नको, दुसरा घ्या.") तो पत्ता बघतो, शेजारच्यांना दाखवतो. तुम्ही कॅट गोळा करून पालथा जमिनीवर ठेवा आणि त्याला पत्ता सगळ्यांत वर ठेवायला सांगा. मग त्यालाच कॅट काटू द्या: वरचा अर्धा भाग बाजूला, तळचा अर्धा त्याच्यावर. तळाचा गुलाम आता बरोबर त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर येऊन बसला. आणखी दोनदा काटू दिलंत तरी ही जोडी सहसा फुटत नाही. फुटलीच तर काय, ते प्रश्न १३ मध्ये.

आता कॅट उचला, चित्रं आपल्याकडे करा आणि म्हणा, "जोकर राहिला वाटतं आत." पत्ते सरकवत जा. जोकर खरोखर निघतो, तो सगळ्यांसमोर बाजूला टाका. त्या निमित्ताने तुम्ही गुलाम शोधलेला असतो. गुलामाच्या लगेच आधी जो पत्ता तुमच्या डोळ्यांखालून जातो, तो त्या माणसाचा. गुलामासकट त्याच्या आधीचे सगळे पत्ते एकगठ्ठा उचलून मागे टाका. झालं. कॅटच्या पाठीकडून पहिला गुलाम, दुसरा त्या माणसाचा पत्ता.

हे घाईने करू नका आणि चोरून तर अजिबात नको. जोकर शोधणारा माणूस जसा कंटाळलेला दिसतो, तसे दिसा.

५. गुलाम आपोआप वर चढतो तो कसा?

करंगळीने. वाचून हसाल, पण मंद उजेडात हा भाग भल्याभल्यांना गप्प करतो.

डाव्या हातात कॅट उभा धरा, चित्रं लोकांकडे, पाठ तुमच्याकडे. अंगठा एका कडेला, बोटं दुसऱ्या कडेला. उजव्या हाताची तर्जनी वरून आणून कॅटच्या वरच्या कडेवर टेकवा. बाकीची बोटं मुडपलेली, फक्त करंगळी पाठीमागे लांब करून शेवटच्या पत्त्याला टेकलेली. तर्जनी सावकाश वर उचला, करंगळी त्याच चालीने पत्ता वर ढकलेल. समोरून दिसतं असं की बोटाला चिकटून गुलाम वर येतोय.

वेग मुंगीचा ठेवा. निम्मा वर आला की थांबा, श्वास घ्या, मग उरलेला. पाठीमागे कुणी बसलेलं चालत नाही, अगदी बाजूलाही नको. शेकोटीभोवती गोल करून बसायची आपली सवय इथे घात करते. म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, भिंतीला नाही तर झाडाला पाठ लावून बसा.

वर आल्यावर विचारा, "हाऊच शे का तुमना पत्ता?" तो "नई" म्हणणारच. तुम्ही ओशाळा, गुलाम काढून कॅटच्या मध्ये कुठेतरी खुपसा. तेवढ्यात त्याचा पत्ता पाठीकडून पहिला झालेला असतो आणि सगळ्यांचं लक्ष तुमच्या फजितीकडे असतं.

६. आणि तो शेवटचा फटका?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी जादूच्या पुस्तकांत सापडणारी ही युक्ती आहे, आणि अजून चालते.

कॅट आडवा करा, चित्रं आकाशाकडे. म्हणजे त्याचा पत्ता सगळ्यांत खाली गेला. त्याच्या हातात कॅटची एक अरुंद बाजू द्या: अंगठा वर, बोटं खाली, इंचभर आत. कॅट त्याच्या छातीसमोर, हात कोपरात थोडा वाकलेला. "धरा. सोडू नका." मग तुमच्या बोटांच्या सपाट बाजूने, कॅटच्या मोकळ्या अर्ध्यावर, वरून सरळ खाली झटका द्या. जोरापेक्षा वेग महत्त्वाचा.

वरचे गुळगुळीत पत्ते एकमेकांवरून घसरतात आणि फटक्याबरोबर खाली जातात. सगळ्यांत खालच्या पत्त्याला मात्र बोटांच्या कातडीचा आधार असतो. कातडी पत्त्यापेक्षा कितीतरी जास्त धरून ठेवते, म्हणून तो एकटा राहतो. आणि चित्र वर असल्यामुळे तो सरळ त्या माणसाच्या तोंडाकडे बघत असतो.

त्या क्षणी तुम्ही ओरडायचं नाही. "भ्वाँ" करायचं नाही. गप्प राहायचं. आवाज फटक्याने केलेला आहे, बाकीचं काम तो पत्ता करतो. मी पहिली दोन वर्षं ओरडत होतो आणि लोक माझ्याकडे बघत होते, पत्त्याकडे कुणीच नाही.

७. सगळेच पत्ते पडतात, किंवा चार-पाच हातात राहतात. काय चुकतं?

सगळे पडतात म्हणजे धरणाऱ्याने चिमूट ढिली ठेवली, किंवा अगदी टोकाशी धरलं. चार-पाच राहतात म्हणजे फार घट्ट धरलं, किंवा कॅट चिकट आहे. "कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखं धरा" असं सांगितलं की आपल्याकडे बरोबर कळतं.

चार राहिले तरी घाबरू नका. त्याचा पत्ता त्यात खालीच असतो. वरचे एकेक करून काढून टाका, सावकाश. दचका गेला, पण शेवट वाचला. सराव करताना घरातल्या कुणाला तरी धरायला लावा. स्वतःच धरून स्वतःच मारलं तर अंदाज येत नाही.

८. उजेड किती हवा?

चेहरा ओळखू येईल इतका, पेपर वाचता येणार नाही इतका. लाइट गेलेली असली तर फारच उत्तम, आणि त्यासाठी आपल्याकडे फार वाट बघावी लागत नाही. मोबाइलची बॅटरी प्रेक्षकांच्या बाजूने, कमरेच्या उंचीवरून, कॅटच्या चित्रांवर मारायला एखाद्या पोराला सांगा. कॅटची पाठ आणि तुमची करंगळी सावलीत राहते.

अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका व्हिडिओ कॉलमध्ये ती मेहनत वाया जाते. म्हणून गोष्ट सुरू करण्याआधी मोबाइल खिशात घालायला सांगा. अंधारात माणूस उजेडापेक्षा जास्त दचकतो, हे प्रयोगांतही दिसून आलेलं आहे.

९. गोष्ट काय सांगायची? अहिराणीत सांगितली तर चालेल?

चालेल काय, अहिराणीतच जास्त रंगते. प्रमाण मराठीत चकवा पाठ्यपुस्तकातला वाटतो. पण पाहुणे पुण्या-मुंबईचे असतील तर संवाद अहिराणीत, बाकी मराठीत.

गोष्ट पाठ करू नका. तुमच्याच शिवाराचं नाव घ्या, तुमच्याच नाल्याचं. "मोटर बंद करून परत निघालो, चांदणं नव्हतं, कपाशी कमरेएवढी..." एवढं पुरतं. कुणी त्या वाटेवर मेला, असं खोटं जोडू नका. गावात खरोखर कुणाचं तरी घर त्या वाटेवर असतं आणि गोष्ट तिथपर्यंत पोचते.

फटक्याआधी आवाज उतरवत न्या. शेवटचं वाक्य इतकं हळू बोला की लोकांना पुढे झुकावं लागेल. झुकलेला माणूस जास्त दचकतो.

१०. कुठे करावा? भरीत पार्टीत, लग्नात, आखाजीला?

मळ्यातली भरीत पार्टी पहिल्या नंबरावर. एकच अट, जेवणाआधी करा. भरीत आणि कळण्याची पुरी खाल्लेल्या बोटांना तेल असतं, आणि तेलकट पत्ता ना नीट वर चढतो ना नीट घसरतो. वांगी भाजायला तुराट्या पेटलेल्या असतात तेव्हाच खरी वेळ. पत्ते आगीच्या दिशेने उडणार नाहीत अशी जागा घ्या आणि खाली ताडपत्री नाही तर गोधडी अंथरा.

आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतातच. बाया झोक्यावर, माणसं पत्त्यांवर. तिथे कॅट मागायलाही लागत नाही. पण पैसे लागलेल्या डावात जादू दाखवू नका. ज्याला पत्ते कुठे बसवायचे ते येतं, त्याला नंतर कुणी डावात घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

हळदीच्या रात्री मी एकदा केला. अर्धा कॅट वरणाच्या पातेल्यात गेला. आचाऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यापुढे चकवा काहीच नाही.

कानबाई देवीच्या जागरणात करू नका. तिथे लोक श्रद्धेने बसलेले असतात, कुणाच्या अंगात येतं. तो आपला मंच नव्हे.

११. उन्हाळ्यात हात घामेजतात. मग?

भुसावळला पारा ४५ च्या घरात असताना पत्ते कुणाच्याच हातात नीट राहत नाहीत. घाम आला की करंगळी शेवटच्या दोन-दोन पत्त्यांना एकदम ओढते आणि गुलामामागून दुसरा डोकावतो. हात धुऊन, पुसून, चिमूटभर टाल्कम पावडर तळव्यांना लावून झटका. कूलरच्या झोतात मात्र बसू नका, दमट हवेने कॅट नरम पडतो. थंडीत उलटा त्रास: बोटं बधिर. शेकोटीवर हात शेकून मग सुरू करा.

१२. कुणावर करू नये?

हृदयविकार, मिरगी किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले, गरोदर बाई, फार म्हातारी माणसं, आणि सात-आठ वर्षांखालची मुलं. ही मंडळी बघायला असली तरी कॅट धरायला त्यांना बोलवू नका. हातात चहा असलेला, विहिरीच्या काठावर किंवा जिन्यावर बसलेला, नुकतीच घरात मयत झालेला, हेही नाहीत. प्यालेला माणूस तर नकोच. तो दचकून हात उगारतो, एकदा माझा चष्मा गेला आहे.

आणि जो घाबरत नाही म्हणून छाती ठोकतो, त्याच्यावरच करा असं सगळे सुचवतात. मी नाही करत. तो पूर्ण वेळ दचकायचं नाही म्हणून ताठ बसतो. गप्प बसून हसणारा माणूस निवडा.

१३. त्याने कॅट हिसकावून पिसला तर? गुलामच उचलला तर? काटताना जोडी फुटली तर?

तिन्ही वेळा तोंडावर काही दिसू देऊ नका.

पत्ता काढण्याआधी कॅट पिसला तर उलट बरं. परत घेताना तळाचा पत्ता ओझरता बघा, जो असेल तो त्या रात्रीचा चकवा. चौकटची सत्ती वर चढली तरी माणूस डोळे विस्फारतोच, गुलामाचं फक्त रूप चांगलं. पत्ता परत ठेवल्यानंतर पिसला तर मात्र हा खेळ संपला. "चकव्याने नेला तुमचा पत्ता, सापडला की सांगतो" म्हणा आणि दुसरं काही करा.

त्याने तळातून गुलामच ओढला तर नवा तळाचा पत्ता बघून ठेवा आणि प्रश्न ४ प्रमाणेच पुढे जा. त्या वेळी तो नवा पत्ता आधी चढेल आणि शेवटी त्याच्या चिमटीत गुलाम राहील. खरं सांगायचं तर हा अपघात मूळ खेळापेक्षा भारी दिसतो.

जोडी फुटली आहे हे तुम्हाला चित्रं बघताना लगेच कळतं: गुलाम अगदी पुढे, तळाला असतो. त्याचा पत्ता अर्थातच पाठीकडून पहिला आहे. गुलाम एकटा उचलून मागे टाका, सगळं जागेवर.

१४. "पुन्हा एकदा" म्हणाले तर?

नाही म्हणा. अचानक आवाजाने डोळे मिटतात ती शरीराची उपजत क्रिया आहे, सेकंदाच्या छोट्या अंशात होते, माणूस थांबवू शकत नाही. पण तोच दणका पुन्हा पुन्हा दिला तर शरीर त्याला सरावतं आणि क्रिया ओसरते. शिवाय दुसऱ्यांदा सगळे तुमची करंगळी शोधतात. पुढच्या वर्षी, वेगळ्या मळ्यात.

१५. कॅट हातावर आपोआप सरकतो, तो प्रकार यापेक्षा भयंकर दिसतो. तो का नाही?

तो बारीक दोऱ्याचा खेळ आहे. बंद खोलीत छान. मळ्यात वारा असतो, स्वेटरचं बटण असतं, अंगावर चढणारं कुत्रं असतं. दोरा तुटला की तुम्ही आणि कॅट दोघे स्तब्ध.

१६. लोक खरंच विचारतात, "तुझ्यात काही आहे का?" काय सांगू?

"काही नाही, बोटांची सवय आहे." लगेच, त्याच रात्री, हसत. हे सांगितल्याने खेळ मरतो असं वाटतं, पण मरत नाही. कृती उघड करायची गरज नाही, ही कसरत आहे एवढं कबूल करायचं.

९ एप्रिल १९५६ ला बंगाली जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात सहायक मुलीला करवतीने कापण्याचा खेळ केला. ती उठायच्या आतच निवेदकाने कार्यक्रम आटोपला. मुलगी खरंच मेली असं वाटून प्रेक्षकांनी फोन करकरून बीबीसीची लाइन जाम केली. सरकारांना त्याने प्रसिद्धी मिळाली. पण तुमच्या मळ्यात फोन उचलायला बीबीसी नाही, तिथे घाबरलेली माणसं तुमच्याच सोबत मोटारसायकलवर घरी जायची असतात.

माझ्याकडून हे एकदा राहिलं. खेळ आटोपून मी निघून आलो, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की त्या घरची आजी रात्रभर दिवा लावून बसली होती. सकाळी परत गेलो, ओट्यावर बसून तिला करंगळी दाखवली. तिने स्वतः गुलाम चढवून बघितला, मला दोन शिव्या दिल्या आणि चहा दिला. तेव्हापासून मी निघण्याआधी म्हातारी माणसं कुठे बसली आहेत ते बघतो.

कायद्याचंही कुणी कुणी विचारतं. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करमणुकीच्या जादूवर नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे काढणं, दहशत बसवणं यावर आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तर असेच खेळ दाखवून त्यामागची युक्ती समजावतात. अंगारा देणारा, "तुझ्यावर कुणीतरी केलंय" म्हणणारा पत्तेवाला मात्र रेषेच्या पलीकडे गेला.

१७. पोरांना शिकवू का?

शिकवा. आठवी-नववीच्या पोरांना करंगळीचा भाग एका संध्याकाळी येतो. फटका मात्र आधी उजेडात, आणि धाकट्या बहिणीवर नाही.

१८. खेळ झाल्यावर मोजले तर ५१च पत्ते भरतात. हरवलेला कुठे सापडेल?

आधी गोधडीच्या घडीत. मग धरणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात, कितीदा तरी तिथेच पडतो. मग ट्रॉलीखाली. तिथेही नसेल तर सकाळी उजेडात या, कारण रात्री बॅटरी घेऊन कपाशीत पत्ता शोधणाऱ्या माणसाला बांधावरून येणारा-जाणारा काय समजेल ते तुम्हीच ओळखा. माझी बदामची राणी अशीच फवारणीच्या वेळी, पंधरा दिवसांनी मिळाली. तोवर त्या कॅटमध्ये जोकर राणी म्हणून चालत होता.